गोठ्यातली मोटार

आमच्या दारात मोटार आली ती आमच्याच बैलांनी ओढून आणली, आणि ओढून झाल्यावर बैल परक्याचे झाले. हे मी कुणालाही सांगितलं की समोरचा विचारतो, "म्हणजे?" म्हणजे असं, की माझ्या वडिलांनी, तात्यांनी, सांगलीकडच्या एका बागायतदाराशी अदलाबदल केली होती. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये कुठल्याशा संस्थानच्या कारभाऱ्याची जुनी मोटार पडून होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. आमच्याकडे खिलार बैलांची जोडी होती. रस्त्यानं निघाली की माणसं हातातलं काम टाकून बघायची. त्याला बैल आवडले, तात्यांना मोटार आवडली. सौदा झाल्यावर दोघांनाही वाटलं, आपण समोरच्याला चांगलाच गुंडाळला. बागायतदाराच्या बाबतीत ते खरं होतं. त्याच्या ट्रकमधून मोटार रहिमतपूरच्या अलीकडं आमच्या फाट्यावर उतरली. तिथून गावापर्यंत तिला ओढायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून बैलच जुंपले. आत स्टिअरिंग धरून तात्या ताठ बसलेले, डोक्याला फौजेतली टोपी, आणि पुढं बैल. दारात मोटार सोडून बैल आल्या वाटेनं परत फाट्यावर गेले आणि ट्रकमध्ये चढले. आई म्हणायची, जाताना डाव्या बैलानं वळून घराकडं बघितलं. तात्या म्हणायचे, घराकडं नाही, मोटारीकडं.

तात्यांना फौजेतून पेन्शनीत येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. हवालदार म्हणून निवृत्त झालेल्याला गाव मेजर म्हणतं आणि तो ते खोडून काढत नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. आमच्या गावात असे मेजर गल्लीबोळातून होते. बाकीचे मेजर बंदुकीच्या गोष्टी सांगायचे, तात्या मोटारींच्या. बर्फात रुतलेला ट्रक, वाळवंटात फुटलेला रेडिएटर. आणि ब्रेक गेलेली जनरलसाहेबांची जीप डोंगरावरून नुसत्या गिअरवर उतरवली ती गोष्ट तर पारावर इतक्यांदा झाली होती, की तात्या दम घ्यायला थांबले की पुढचं वाक्य ऐकणाऱ्यांपैकीच कुणीतरी म्हणायचा. प्रत्येक गोष्टीत आधी सगळे हात टेकायचे, मग एखादा पंजाबी साहेब ओरडायचा, "बुलाओ हवालदार को!" आणि तात्या यायचे. मी तेव्हा अकरावीला, म्हणजे त्या वेळच्या मॅट्रिकला, इंग्रजीत नापास होऊन घरी बसले होते. ऑक्टोबरची परीक्षा नाहीतर स्थळ, दोन्हींतलं जे आधी येईल त्याची वाट बघत. मी त्या गोष्टी भाकरी थापता थापता ऐकत आले होते आणि त्यातली प्रत्येक मला खरी वाटत होती. आई त्या वेळी चुलीतलं लाकूड पुढं-मागं करायची. तिचं ते लाकूड सरकवणं मी कधी नीट बघितलंच नाही.

मोटारीला जागा हवी म्हणून गोठा रिकामा झाला. बैल गेलेच होते. उरली होती ती आईची म्हैस. तिला घरामागच्या परड्यात शेवग्याखाली बांधलं आणि वर गुऱ्हाळातली जुनी ताडपत्री ओढली. गव्हाणीत आता नटबोल्ट, पाने आणि ग्रीसचे डबे पडले. तात्यांनी दाराच्या चौकटीवर खडूनं इंग्रजीत 'वर्कशॉप' लिहिलं. आईला वाचता येत नव्हतं. तिनं त्याच्याखाली नेहमीप्रमाणे दसऱ्याला झेंडूचं तोरण बांधलं. म्हशीनं मात्र ही बदली मनावर घेतली. गोठ्यात ठोकाठोक सुरू झाली की ती दूध चोरायची. पान्हा सोडायची नाही, आचळाला हात लावला की पाय झाडायची. दूध डेअरीला घालून घरातलं मीठमिरची चालवणारी ती एकटीच, त्यामुळे आईचा राग नुसता रागाचा नव्हता.

"आवं, तुमच्या मोटारीला श्याण तरी येतं का?" तिनं एकदा गोठ्याच्या दारात उभं राहून विचारलं.

तात्या मोटारीखाली उताणे होते. खालून आवाज आला, "ही चालू झाली की तुला डेअरीपतुर मोटारीतनं दूध न्यायचं हाय."

"दूध उरलं तर," आई म्हणाली.

तात्यांच्या जोडीला दस्तगीर मिस्त्री आला. रहिमतपूरच्या बाजारपेठेत त्याचं दुकान होतं. अर्ध्या दुकानात तो विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा आणि अर्ध्यात लग्नाच्या पत्र्याच्या ट्रंका बनवायचा. किडकिडीत अंग, कानात अत्तराचा बोळा, आणि तोंडात सदैव स्वतःची तारीफ. मी त्याला मामा म्हणायची. मोटारीला त्यानं आयुष्यात हात लावला नव्हता, पण हे त्याला मान्य नव्हतं. "इंजान ते इंजान," तो म्हणायचा. "पाणी उपसायचं काय आन् मानसं न्यायची काय, आत जाळ सारखाच." पहिल्याच दिवशी दोघांचं भांडण झालं ते मोटार कुठल्या कंपनीची यावर. पुढचा बिल्ला केव्हाच गळून पडला होता. तात्या एका विलायती कंपनीचं नाव घेत होते, मिस्त्री दुसरीचं. दोघांनाही दुसरी कुठली कंपनी ठाऊक नव्हती. शेवटी मिस्त्री म्हणाला, "तात्या, बाई कुनाची का आसंना, नांदवायची आपल्याला हाय." त्यावर भांडण मिटलं. पण सुटा भाग लागला की तात्या आपल्या कंपनीचा मागायचे, मिस्त्री आपल्या कंपनीचा आणायचा, आणि दोन्हीही बसायचे नाहीत. मग कानस घेऊन ते बसेपर्यंत घासायचे. त्या मोटारीतलं निम्मं लोखंड कीस होऊन आमच्या परड्यात पडलं असेल.

आज माझा नातू मोटारीचं बॉनेट उघडायचं कसं हेही फोनवर बघतो, त्याला हे सांगितलं की तो हसतो. पण त्या दोन माणसांना वेळेची कसलीच घाई नव्हती. सकाळची न्याहारी झाली की तात्या गोठ्यात शिरायचे. दहा-अकराच्या सुमाराला सायकलवरून मिस्त्री यायचा. आईच्या स्वयंपाकघरातून एकेक वस्तू नाहीशी व्हायची. पिठाची चाळण पेट्रोल गाळायला गेली. पितळेच्या पळीनं ऑइल ओतलं जाऊ लागलं. पुठ्ठ्याची खोकी कापून गॅस्केटं झाली. दुपारी मी भाकरी, खरडा आणि ताक घेऊन जायची. दोघं हात रॉकेलनं धुवून जेवायला बसायचे, त्यामुळे रॉकेलचा वास घासाला, ताटाला, शेवटी आमच्या सगळ्यांच्या पोटाला लागला. रेडिएटर चाळणीसारखा गळत होता. त्यावर मिस्त्रीनं रामबाण उपाय सांगितला: हळद. पाण्यात हळद टाकली की ती भोकांत जाऊन बसते, म्हणाला. सांगलीच्या आत्यानं वर्षाची म्हणून पाठवलेली हळद आईच्या डब्यातून अर्धी झाली. उपाय लागू पडला, हे कबूल केलं पाहिजे. फक्त तेव्हापासून इंजिन तापलं की मोटारीतून आमटीचा वास यायचा.

सामान आणायला तात्या मला घेऊन सांगलीला जायचे. एसटीतून उतरलं की आधी आत्याकडं डोकं टेकायचं. ती माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून कुठल्यातरी मुलाचं नाव काढायची, मग आम्ही जुन्या बाजारात निघायचो. येताना भडंगाचा पुडा माझा ठरलेला. त्या भंगारवाल्यांच्या रांगेत मी तात्यांचं एक वेगळंच रूप बघितलं. गोठ्यात एक बोल्ट फिरवायला अर्धा दिवस लावणारा हा माणूस, पण भंगाराच्या ढिगासमोर उभा राहिला की डोळे मिटून बोलायचा. हा डिस्ट्रिब्युटर, तो डिफरन्शिअलचा पिनियन, ह्याचा जोडीदार इंचभर मोठा असतो, तो रॅकमध्ये ह्याच्या शेजारी ठेवायचा नाही कारण घाईत चूक होते. एकदा एक म्हातारा दुकानदार ऐकत राहिला आणि कौतुकानं म्हणाला, "फौजेत गुदामावर होता काय हो तुम्ही?" तात्यांचा चेहरा उतरला. हातातलं सामान तिथंच टाकून ते बाहेर आले. "आडानी मानसं," ते म्हणाले आणि तडक एसटी स्टँडकडं चालायला लागले. मला वाटलं, कसबी माणसाला कारकून म्हटल्याचा राग. भडंग मी एकटीनं संपवलं. पण नाही म्हणायला त्या फेऱ्यांनी माझं भलं झालं. क्रँकशाफ्ट, कार्ब्युरेटर, अ‍ॅक्सिलरेटर यांची स्पेलिंगं डब्यांवर वाचून वाचून माझी इंग्रजीची भीती गेली. ऑक्टोबरला निबंधाला 'माय फादर' आला तेव्हा मी बिनदिक्कत त्यात क्लच प्लेट घातली आणि पास झाले.

मोटार चालू होते का बघायला ती ढकलावी लागायची. गोठ्यापासून ओढ्यापर्यंत उतार होता. ढकलायला तात्या, मिस्त्री आणि गल्लीतले दोन-चार गडी. आत बसायला सगळ्यांत हलकी म्हणून मी. "शके, क्लच दाब! सोड! आता सोड गं!" असं मागून ओरडत सगळे धावायचे. मोटार चालू व्हायची नाही, ओढ्यापाशी मी ब्रेक दाबून थांबवायची, मग तेच सगळे शिव्या घालत तिला वर ढकलत आणायचे. असे किती महिने गेले कुणास ठाऊक. क्लच कुठवर जातो, ब्रेक किती उशिरा धरतो, स्टिअरिंग किती फिरवलं की चाकाला पत्ता लागतो, हे माझ्या पायांना आणि हातांना आपोआप समजत गेलं. तात्या एकदाही आत बसले नाहीत. "मी मागनं इंजानाचा आवाज ऐकतो," म्हणायचे. नसलेल्या आवाजाचं ते एवढं काय ऐकतात, हे विचारावं असं कुणालाच वाटलं नाही. मेजरचं काम मेजरला ठाऊक.

आणि एका सकाळी ती चालू झाली. ओढ्याच्या अलीकडं मी क्लच सोडला, तसा एक प्रचंड बार झाला, काळा धूर निघाला आणि सगळी मोटार कापरं भरल्यासारखी हलायला लागली. आमच्याकडं कोयनेच्या भूकंपाची धास्ती अजून माणसांच्या हाडांत होती. भांडी वाजली की आधी पोरं उचलून बाहेर पळायचं. ओढ्याकाठच्या घरांतून माणसं तशीच पळत आली, कुणाच्या हातात पोर, कुणाच्या हातात देवाचा टाक, एकजण नुसता लोटा घेऊन. भूकंप नाही, मेजरची मोटार आहे म्हटल्यावर आधी शिव्या झाल्या आणि मग नारळ फुटला. मिस्त्री रस्त्यात नाचत होता. तात्या मागं उभे होते. ते पुढं आले, धडधडत्या टपावर हात ठेवला आणि लगेच उचलला, भाजल्यासारखा. त्यांच्या तोंडावर आनंद होताच, पण त्यात थोडी भीती मिसळली होती. चालू झालेल्या मोटारीचं पुढं काय करायचं असतं, याचा विचार त्यांनी कधी केलेलाच नव्हता.

रंगाचं काम मिस्त्रीनं एकट्यानं केलं. ट्रंका रंगवण्यापलीकडं त्याला रंगाचं काही येत नव्हतं, आणि ते मात्र फार छान यायचं. मोटार निळी झाली, लग्नाच्या ट्रंकेचा तो ठरलेला झगझगीत निळा, आणि दोन्ही दारांवर हिरव्या पानांसकट लाल गुलाब. नावासाठी त्यानं जागा सोडली होती. ट्रंकेवर नवरीचं नाव असतं ना! गावात चेष्टा सुरू झाली की मेजरनं पोरीची ट्रंक केली, आता तेवढा नवरा आला की झालं. आईनं मोटारीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "झाकण कुठनं उघडतं?"

तेवढ्यात गावाला मंत्री येणार असं ठरलं. पाण्याच्या टाकीचं उद्घाटन होतं. सरपंच आमच्या सोप्यात येऊन बसले आणि म्हणाले, "मेजर, फाट्यापास्नं टाकीपतुर सायबांची मिरवणूक तुमच्या मोटारीतनं. शेजारच्या गावानं बैलगाडी सजीवली हुती. त्येंची जिरली पायजे." तात्या हो म्हणाले. नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही.

त्याच आठवड्यात पाटणचे एक सुभेदार तात्यांना भेटायला आले. एकाच युनिटमध्ये होते दोघं. आईनं मटण केलं. मिस्त्रीही पंगतीला होता. जेवणात मिस्त्रीनं विषय काढला. तात्यांच्या हाताखाली शिकायला मिळालं हे माझं नशीब, वगैरे. सुभेदारांनी रस्सा ओरपता ओरपता मान वर केली. माणूस सरळ, मनात काळंबेरं काही नाही. ते हसत म्हणाले, "ह्यो? ह्यो कवा पाना धरायला लागला? आवं मिस्त्री, आमी मोटारीखाली मरायचो आन् ह्यो काउंटरमागं. साधं गॅस्केट मागा, म्हनायचा आधी चिठ्ठी आन. गाडी चालवायचं तर नावच नको. एकदा जीपमधी बसवला तर सरळ मेसच्या भिंतीत घातली. तवापास्नं स्टिअरिंगला शिवला न्हाई." आणि ते मोठ्यानं हसले. पंगतीत दुसरं कुणी हसलं नाही. तात्या ताटातलं हाड इकडून तिकडं सरकवत राहिले. सुभेदारांना काहीतरी चुकलंय हे समजलं, पण काय ते समजलं नाही. त्यांनी आणखी एक भाकरी मागितली. मिस्त्रीनं हात धुतला, "आल्ला," एवढंच पुटपुटला आणि सायकल काढली.

मी आईपाशी चुलीजवळ जाऊन बसले. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं. "आई, म्हंजी सगळं खोटं?"

आई भांड्याला राख लावत होती. "व्हय."

"तुला ठाव हुतं?"

"सुट्टीवर यायचं तवा हात बघायची मी त्येंचं," ती म्हणाली. "शेजारचा गडी फौजंत मोटारीवर हुता, त्येच्या नखातलं काळं बायकूनं दगडानं घासलं तरी जात नव्हतं. ह्येंचं हात कसं, पोथी वाचनाऱ्यावानी. नव्या रबराचा वास यायचा त्येंला."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? मानूस वरीसभर कपाटापुढं हुबा ऱ्हायला, आन् घरी आल्यावर सांगायला काय? दोन टायर दिलं, चार बोल्ट दिलं?" तिनं भांडं पालथं घातलं. "पर माझं बैल घालवायचं न्हवतं त्येनी."

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी तात्यांनी इस्त्रीचा फौजी पोशाख घातला, छातीला पदकं लावली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "शके, आज तूच चालीव. मी बाजूला बसतो." मी आईचं हिरवं लुगडं नेसले होते. ते दोन्ही पायांत अडकू नये म्हणून वर खोचलं. पुढून हँडल मारून इंजिन चालू करायला मिस्त्री आला होता. आठवडाभर तो तात्यांशी बोलला नव्हता आणि तेव्हाही बोलला नाही, पण आला. आई काही यायला तयार नव्हती. "टाकीत पानी आलं की बघंन," म्हणाली. ते पाणी आजतागायत आलेलं नाही, टाकी मात्र अजून आहे. तिच्यावर त्या मंत्र्यांच्या नावाची फरशी आहे आणि खाली जनावरं सावलीला बसतात.

फाट्यावर सगळं गाव लोटलं होतं. हलगी आणि ताशे कडकडत होते. मोटारीला हार, ऊस आणि केळीचे खुंट बांधलेले. मंत्री जीपमधून उतरले, पांढरेशुभ्र, गळ्यात हार मावत नव्हते. मोटारीपाशी आले, गुलाबाकडं बघून कौतुक केलं, पाय आत टाकणार तोच त्यांची नजर माझ्याकडं गेली.

"ड्रायव्हर कुठं आहे?"

"ह्ये काय, आमचं मेजर," सरपंच म्हणाले.

"चालवनार शकी," तात्या म्हणाले.

मंत्री हसले. त्यांच्याबरोबरचे सगळे हसले. "पोरीच्या हातात जीव द्यायला आम्ही काय नवरदेव आहोत? आम्हाला अजून एक इलेक्शन लढवायचं आहे." पुन्हा हशा. सरपंचांनी तात्यांच्या कोपराला धरलं आणि दात आवळून बोलले, "मेजर, खेळ बंद करा. बसा तिथं. तुमी जनरलची जीप उतरीवली डोंगरावरनं, ह्यो तर सपाट रस्ता हाय."

तात्या माझ्या बाजूला आले. दार उघडलं. मला वाटलं, उतरावं लागणार; मी पाय खाली सोडलासुद्धा. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून मिशीत उतरत होता. मनात आलं, हे आता खरंच बसतील, आणि समोरच्या माणसांत घालतील. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली दाबलं. "बस तितंच," म्हणाले, दार लावलं आणि गर्दीकडं वळले.

"मला मोटार चालवता येत न्हाई," ते म्हणाले. आवाज परेडवरचा होता, सगळ्यांना ऐकू गेला. "मी फौजंत स्टोअरात हुतो. सामान द्यायचं काम केलं. जनरल मी फकस्त फोटूत बघितला. ही मोटार चालंल ती हिच्याच हातनं. कुनाला बसायचं आसंल त्येनं बसा."

हलगी थांबली. मग मागून कुणीतरी ओरडलं, "मग जनरलची जीप कुनी उतरीवली, मेजर?" आणि दुसऱ्यानं उत्तर दिलं, "त्येची त्येच उतरली आसंल!" हशा असा उसळला की केळीचे खुंट हलल्यासारखे वाटले. ज्यांनी वर्षानुवर्षं पारावर त्या गोष्टीची वाक्यं तोंडपाठ म्हटली होती, ती माणसं आता सगळ्यांत मोठ्यानं हसत होती. मंत्री परत जीपमध्ये बसले, ताशे वाजायला लागले आणि अख्खं गाव धुरळ्यासकट जीपच्या मागं निघून गेलं. सरपंच जाताना मोटारीचा हारही सोडून घेऊन गेले.

फाट्यावर आम्ही तिघं उरलो. तात्या तसेच उभे होते, हात शिवणीला लावून, कुणी विश्राम म्हणायची वाट बघत असल्यासारखे. मला रडावं की ओरडावं समजेना. मिस्त्रीनं रेडिएटरवर हात धरून बघितला आणि आठवडाभरानंतर पहिलं वाक्य बोलला, "तात्या, बंद पडली तर परत लागायची न्हाई. बसतासा का ढकलतासा?" तात्या बसले. मिस्त्री मागं बसला. मी विचारलं, "कुठं?" गावात मिरवणूक होती. तात्या म्हणाले, "सरळ."

मी रहिमतपूरला गेले. बाजारपेठेतून हळदीची वाफ सोडत ती निळी ट्रंक चालली, आणि माणसं दुकानांच्या फळ्यांवर उभी राहून बघू लागली. लुगडं खोचलेली पोरगी स्टिअरिंगवर आणि शेजारी पदकं लावलेला हवालदार. मागून मिस्त्री प्रत्येक ओळखीच्याला ओरडून सांगत होता, "इंजान आपलं हाय!" वळणावर तात्यांचा पाय खाली नसलेला ब्रेक दाबायचा. पुलापाशी मी जरा वेग वाढवला तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडं वळून बघत म्हणाले, "तुला कुनी शिकीवलं गं?" मी म्हणाले, "तुमीच ढकललं की." ते हसले. हसता हसता त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं, आणि बराच वेळ पुसत राहिले.

ओढ्याकडच्या वाटेनं घरी आलो तर आई परड्यात म्हशीला पाणी दाखवत होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. गावात बातमीला पेट्रोल लागत नाही. तिनं तात्यांकडं बघितलं, पदकांकडं बघितलं. ओले हात पदराला पुसले आणि मिस्त्रीला म्हणाली, "सरक तिकडं. म्हशीच्या जाग्यावर एवढं काय आनून ठेवलंय ते बसून तरी बघू." आम्ही तिला डेअरीपर्यंत नेऊन आणली. उतरताना तिनं दार दोनदा लावून बघितलं.

गाव नंतर बरेच दिवस वचपा काढत राहिलं. मेजर हे नाव गेलं आणि 'इस्टोर' आलं. तात्या पारावरून जाऊ लागले की कुणीतरी म्हणायचं, "इस्टोर, येक टायर द्या की!" काही दिवस ते मान खाली घालून जायचे. मग एकदा उलटून म्हणाले, "आधी चिठ्ठी आन." त्यानंतर हाक मारणारे कमी झाले. मोटार आणखी दोन पावसाळे चालली. पेट्रोल महागलं तसं तिचं इंजिन मिस्त्रीनं विहिरीवर बसवलं आणि ते तिथं उत्तम चाललं, शेवटी इंजान ते इंजान. गोठ्यात म्हैस परत गेली. बैल मात्र आमच्याकडं पुन्हा कधी झाले नाहीत; नांगरट भाड्यानंच होत राहिली, आणि दर नांगरटीला आई तात्यांना एकदा तरी टोचायचीच. मी सांगलीला आत्याकडं राहून कॉलेज केलं.

आत्यानं काढलेलं एक स्थळ बघायला आलं ते मी शेवटच्या वर्षाला असताना. मुलगा सांगलीचा, शाळेत मास्तर, बरोबर त्याचे वडील आणि मामा. सोप्यात जाजम अंथरलं होतं. मी पोह्यांच्या बशा घेऊन दारापर्यंत आले आणि थबकले, कारण आत तात्यांचा आवाज रंगात आला होता. इतक्या दिवसांत मी तो आवाज ऐकला नव्हता.

"कोयनानगरला धरन बघाया निघालो हुतो," ते सांगत होते. "घाटात धुकं आसं उतरलं की सोताचा हात दिसंना. म्होरं दरी. मागं एसटी हुबी, ट्रक हुबं, मोठमोठं डायव्हर हात टेकून बसल्यालं. आन् ही आमची शकी. तिनं कानानं रस्ता वळखला. नुसत्या चाकाच्या आवाजावर मोटार खाली आनली, आन् तिच्या मागनं सगळ्या एसट्या आल्या रांगंत!"

आम्ही कोयनानगरला कधी गेलो नव्हतो. घाटाचं तर सोडाच, ती मोटार साधा टेकाडाचा चढ चढायची नाही. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. माणूस विज्ञान शिकवणारा, डोळ्यांत शंका स्पष्ट होती. "खरं का हो?" त्यांनी सोप्याच्या दाराशी बसलेल्या आईला विचारलं.

तात्या जाजमाची कड सरळ करायला लागले. त्यांनी आईकडं बघितलंही नाही.

आईनं माझ्या हातातल्या बशा घेतल्या, एक मास्तरांपुढं ठेवली, पोह्यांवरचं खोबरं जरा सारखं केलं.

"मी मागंच बसले हुते," ती म्हणाली.